चार तळहात रबर

गाडीबद्दल बोलताना आपण इंजिनाबद्दल बोलतो. किती बीएचपी, किती टॉर्क, शून्य ते शंभर किती सेकंदांत. टायरबद्दल कुणी विचारत नाही. विचारलंच तर "किती किलोमीटर चालले?" एवढंच. गाडी रस्त्याला टेकते ती मात्र फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. इंजिन काय, ब्रेक काय, स्टिअरिंग काय, सगळ्यांची मजल त्या चार तळहातांइतकीच.

माझ्याकडे 2015 ची पोलो जीटी टीएसआय आहे, नागपुरातून सेकंडहॅन्ड घेतलेली. 1.2 लिटरचं छोटंसं टर्बो इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी. जर्मनीतले लोक हिला 'परफॉर्मन्स कार' म्हटलेलं ऐकून हसतील, पण गोंदियात ती आहे! 2022 मध्ये भारतात पोलो बनणं बंद झालं, त्यामुळे आता जीव जरा जास्तच जडलाय. यंदा तिचे चारही टायर बदलायची वेळ आली आणि तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. (हिच्या मते तीन महिने.)

एवढा विचार कशासाठी? तर बाबांना दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. गोरेगाववरून कोहमारा आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे आपला जुना सहा नंबर. जाताना उजेड असतो, परतताना बहुतेक वेळा रात्र. एका बाजूला नवेगाव, दुसऱ्या बाजूला नागझिरा. चितळ नाहीतर रानडुक्कर कधी समोर येईल याचा नेम नाही. जुलैत रोवणी सुरू झाली की बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे सोडून जातात, वरून पावसाची रिपरिप. अशा पट्ट्यावर मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातले बाबा झोपलेले असताना ब्रेक मारायचा, तर गाडी किती फुटांत थांबेल? माझा सगळा प्रश्न एवढाच होता.

आता पर्याय बघा. कंपनीचा साइज 185/60 आर 15. म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 60 टक्के, आणि 15 इंची रिम. गाडीवेडे मित्र म्हणाले, "सोळा इंची अलॉय टाक, 205/45 लाव, वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाईल." दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. पण हिशेब केला. सध्याच्या टायरची भिंत 111 मिलिमीटर, त्या टायरची जेमतेम 92. धानाच्या ट्रकांनी पाडलेल्या खड्ड्यात चाक आपटलं की मधली ती 19 मिलिमीटरच रिम वाचवते. भिंत बुटकी असली की आतले दोरे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

दुसरा सल्ला होता 195/60 आर 15 चा. हा पुष्कळ पोलोवाले लावतात. चाकाचा व्यास 603 वरून 615 मिलिमीटर होतो, गाडी सहा मिलिमीटर उचलली जाते, खड्ड्यांना बरं. पण चाक दोन टक्के मोठं, म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग आधीपेक्षा दोनने जास्त, आणि उठाव किंचित मंद. शिवाय साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो. अरुंद टायर पाणी कापत जातो.

एका संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगत होतो. त्यांचं आयुष्य शेतीत गेलं. ते म्हणाले, "आमच्या बंडीले आधी लाकडी चाक न् लोखंडी धाव होती. मंग डनलप आली. ओझं तेच, बैल तेच, पण बैलाच्या खांद्याले आराम पडला." डनलप साहेबांनी हवा भरलेला टायर 1888 मध्ये केला, तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. आपल्या खेड्यांत त्यांचं नाव बैलगाडीला चिकटून बसलं! मी मुकाट्याने ऐकलं. टायर पळण्यासाठी नसतो, ओझं सांभाळण्यासाठी असतो, हे मला तीन आठवड्यांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

दुकानात गेलो तर पहिलं वाक्य ठरलेलं : "भैया, ये वाला सत्तर हजार चलेगा." जास्त चालणारा म्हणजे बहुधा कडक रबर, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर कमी पकडतं. पुष्कळ टायरांच्या बाजूवर तीन गोष्टी कोरलेल्या असतात : ट्रेडवेअरचा आकडा झिजेचा, ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याचं, टेंपरेचरचं अक्षर उष्णता सोसण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तिसरं अक्षरही महत्त्वाचं. मी ट्रॅक्शन आधी पाहिलं, झीज शेवटी.

मग तारीख. 'डीओटी'पासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 1425 असेल तर 2025 चा चौदावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला 'नवा' टायर मी घेत नाही, सवलत कितीही असो.

तिथेच एका गृहस्थांना फक्त दोन टायर घ्यायचे होते. दुकानदार म्हणाला, पुढे लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढते ना. ऐकायला पटतं, पण उलट करावं. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्याआमच्या हातात नसतं. म्हणून नवी जोडी मागे. मी हळूच सांगितलं. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडा, त्या गृहस्थांनी ऐकलं.

शेवटी कंपनीचाच साइज ठेवला, 185/60 आर 15. अलॉयचे वाचलेले पैसे मऊ, ओल्या रस्त्यासाठी बनवलेल्या रबरात घातले. मित्र हिरमुसले. हे टायर कदाचित चाळीस हजारांतच संपतील. संपू देत. 1.6 मिलिमीटर ही कायद्याची शेवटची रेघ आहे, पण पाणी उपसण्याची ताकद त्याच्या आधीच ओसरते, म्हणून मी तिथवर थांबणार नाही.

एक आणखी. नायट्रोजन भरा न भरा, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. पण दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, हवा तपासा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि उन्हाळ्यात तापलेला टायर भर वेगात फुटतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे आपण पुरेसं वाचलंय.

असो. पावसाळ्याच्या आधी आपापल्या गाडीजवळ दोन मिनिटं उकिडवे बसा, टायरवरून हात फिरवा, खाचा बघा. काय दिसलं ते जरूर कळवा.