स्थळ, सातबारा आणि मोबाईल स्टार्टर



रानातलं आधी थोडक्यात. हरभरा फुलोऱ्यात आहे, लवकर पेरलेल्यात घाटे धरायला लागलेत. ढगाळ हवा असली की सकाळी एक चक्कर मारा, कोवळ्या शेंड्यांवर घाटेअळी दिसते का बघा. एकरी दोन कामगंध सापळे आणि पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या तर पहिली फवारणी पुढं ढकलता येते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, हे रडगाणं तुम्हाला पाठ आहे.

आजची नोंद सोयरिकीची आहे. पण शेतीचीच आहे.

आमची पुतणी सेवा केंद्रात बसते. सातबारा काढणं, पीक विमा, अनुदानाचे फॉर्म, केवायसी, दिवसभर हेच काम. तिला तुळशीच्या लग्नानंतर एक स्थळ आलं. पोरगा पुण्यात कंपनीत, महिना सत्तर हजार, स्वतःचा फ्लॅट. गावाकडं २२ एकर बागायत आणि हायवेला लागून प्लॉट. पोरगा दिसायला, बोलायला चांगला. नाव ठेवायला जागा नाही.

आणि पुतणीच्या मनात दुसराच. शेजारच्या गावचा, सहा एकरवाला, पूर्णवेळ शेतकरी. दोघांची ओळख ई-पीक पाहणीवरून. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून हे ॲप आलं आणि आपल्यापैकी निम्म्यांची तारांबळ उडाली ते आठवत असेल. हे पोरगं गावातल्या म्हाताऱ्यांचे फोन घेऊन सेवा केंद्रात यायचं. कुणाचा ओटीपी येईना, कुणाचा गट नंबर चुकलेला, कुणाचा फोटो बांधावरच्या लिंबाचा निघालेला. सर्व्हर डाऊन असला की दोघं बसून राहायची. तो सर्व्हर इतक्या वेळा डाऊन झाला की पुढचं तुम्हीच समजून घ्या. सोयरीक जमायला बाकी कसली आडकाठी नव्हती. आडकाठी फक्त पैशाची.

दादांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तू समजाव तिला. तू रोज मातीत मरतोस, तुझं ऐकेल. प्रेमानं चूल पेटत नाही म्हणावं."

मी तिच्यापुढं वही घेऊन बसलो. सोयाबीन एकरी आठ क्विंटल धरलं, भाव ४,१०० धरला, झाले ३२,८००. बी, खत, फवारण्या, काढणी, मळणी मिळून वीस हजार, त्यात घरच्या माणसांच्या मजुरीचा एक रुपया धरलेला नाही. राहिले बारा-तेरा हजार. चार एकर सोयाबीनचे पन्नास हजार. पुढं हरभरा, ज्वारीचा कडबा, दोन गायींचं दूध. म्हणलं, बाई, पुण्याच्या पोराचा एका महिन्याचा पगार तुझ्या सोयाबीनच्या अख्ख्या हंगामापेक्षा जास्त आहे. हे कळून घे आणि मग बोल.

ती म्हणाली, "काका, मला माहीत आहे. मी रोज ह्याच लोकांचे फॉर्म भरते."

मग तिनं फोन काढला. त्या पोरानं तीन वर्षांचा हिशेब मोबाईलमध्ये तक्ता करून ठेवलाय. तारीख, कशाला किती गेले, कशाचे किती आले. डिझेल, मजूर, हमाली, तोलाई, सगळं. आणि एका वर्षी ठिबकवरच्या एकरभर टोमॅटोत चाळीस हजारांचा तोटा, तो लाल रंगात. तोच तक्ता त्यानं लग्नाचा विषय निघाल्यावर तिला पाठवलेला. ती म्हणाली, "बायोडाटात कुणी तोटा लिहितं का? यानं लिहिला."

मग तिनं दुसरं काम केलं, ते मला लई आवडलं. बायोडाटातल्या गावाचं नाव टाकून महाभूलेखवर त्या २२ एकरांचा सातबारा उघडला. कुणालाही फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा पाहिजे असेल तर १५ रुपये. क्षेत्र ८.९० हेक्टर, म्हणजे बरोबर २२ एकर. पण भोगवटादाराच्या रकान्यात पाच नावं. मुलाच्या वडिलांच्या वाट्याला एक हेक्टर ७८ आर, म्हणजे साडेचार एकराला थोडं कमी. त्यातही पुढं दोन भाऊ. इतर हक्कात बँकेचा बोजा. त्या लोकांना खोटारडं म्हणणार नाही मी. गट २२ एकरांचाच आहे. आणि बोजा म्हणजे काही पाप नव्हे, माझ्याही सातबाऱ्यावर सोसायटीचा आहे. पण आपण ज्याला श्रीमंती म्हणून दिपतो, ती कागदावर उघडून बघायची पद्धत आपल्यात नाही. दादा मात्र पगारावर अडून राहिले, आणि पगार खरा होता.

इथं थोडं शेतीला पोरी का मिळत नाहीत त्याबद्दल.

२१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता. आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत. लग्न न जमलेली पोरं मुंडावळ्या बांधून, काही घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. बायको मिळवून द्या, गर्भलिंग निदानाचा कायदा कडक राबवा, ही मागणी. आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ हसत हसत पुढं पाठवले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. ती मुलं-मुली आता लग्नाच्या वयात येतायत. ज्या आहेत त्यांच्या बापांना शेतकरी जावई नको, आणि ते बाप स्वतः शेतकरीच आहेत. शेती पाहिजे, शेतकरी नको, ही म्हणच झालीय.

पण मी दुसरं एक बघितलंय. पोरी नुसत्या गरिबीला भीत नाहीत. त्या रात्रीला भितात. थ्री फेजची लाईट निम्मे दिवस रात्रीची. अकराला आली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर, रानात घोणस, मण्यार, आणि घरात बाई जागी, फोन लागत नाही म्हणून. आमच्या लग्नाची पहिली बारा वर्षं तशीच गेली. मोबाईल स्टार्टर बसवला त्या वर्षापासून घर बदललं. सहा हजार रुपये, एक सिमकार्ड. अंथरुणातून कॉल लावायचा, मोटर चालू. व्होल्टेज किती, फेज गेला का, सगळं सांगतो. विहिरीचं पाणी तुटलं तर आपसूक बंद. आमच्या घरच्या तर आता माझ्या आधी मोटर चालू करतात आणि मला सांगतात, "झोपा, लावलीय." पाण्यावर हुकूम चालवायची हौस नळदुर्गाला नवी नाही म्हणा. बोरी नदीवर भिंत घालून त्या भिंतीच्या पोटात पाणी महाल बांधलाय, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, सन १६१३. नर आणि मादीवरून धो धो पाणी पडतं आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. त्यापुढं माझा स्टार्टर काहीच नाही. पण माझ्या घरातली झोप त्यानंच परत आणली. त्या पोराकडं स्टार्टर तर आहेच, आता सौर पंपाचा अर्जही केलाय. मिळाला तर पाणी दिवसा.

बैठक झाली. आमच्याकडून मी, दादा, वहिनी. तिकडून पोराचे आई-वडील. मानपान, लग्न कुठं, किती माणसं, एवढं झालं. मग पुतणी म्हणाली, मला एक बोलायचंय. सगळ्यांना वाटलं सोनं मागणार, नाहीतर पुण्याला घर मागणार.

ती म्हणाली, "मामा, लग्नाआधी सातबाऱ्यावर मामींचं नाव लावा. माझं नंतर बघू."

कुणी बोललंच नाही. पोराचे वडील तंबाखू मळत होते, हात थांबला. त्यांच्या मंडळी अठ्ठावीस वर्षं त्या सहा एकरांत खुरपतायत, धारा काढतायत. कागदावर त्या कुठंच नाहीत. पोरगं आईकडं बघत होतं. बराच वेळ गेला. वडील म्हणाले, "जमीन वाडवडिलांची आहे, पोरी." ती म्हणाली, "आहेच की. मामी पण त्याच घरच्या आहेत." मग पोरगा बोलला, "आप्पा, लावा. माझ्या वाट्यातून कमी करा पाहिजे तर." आई पदरानं तोंड झाकून आत चहा टाकायला गेल्या. चहा काही लवकर आला नाही.

त्या दिवशी ठरलं नाही. आठ दिवसांनी फोन आला, तलाठ्याकडं अर्ज दिलाय. दादांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "माणसं चांगली आहेत." पगाराचं पुन्हा काढलं नाही. वहिनी मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिथं सासूचं नाव लागतंय. इथं माझं कधी?" दादांचाही अर्ज आता तयार आहे, फोटो लावायचा राहिलाय.

मला यातून एक दिसलं ते लिहितो. प्रेम का पैसा, हा प्रश्न आपण कायम पोरीलाच विचारतो. तिनं पैसा निवडला तर लोभी, प्रेम निवडलं तर येडी. पोराच्या घराला कुणी विचारत नाही, की तुमचं प्रेम खरं आहे ना, मग मालकीत किती वाटा देता? चूल प्रेमानं पेटत नाही हे दादांचं खरंच आहे. पण जिच्या नावावर काहीच नाही, ती २२ एकरांत गेली काय आणि सहा एकरांत गेली काय, कागदावर भूमिहीनच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायांचं अधिवेशन भरवलं, पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. सरकारचीही त्याच नावाची योजना आहे. पण गावात विचारलं तर दहातल्या आठ जणांना नाव माहीत नाही.

म्हणून कामाचं खाली देतो.

स्थळ बघताना: गट नंबर मागून घ्या. सातबारा आणि आठ-अ दोन्ही बघा. एकूण क्षेत्र बघू नका, नावं किती आहेत आणि ह्या घराचा वाटा किती ते बघा. इतर हक्कातला बोजा वाचा. मुलीकडच्यांनी आणि मुलाकडच्यांनी दोघांनीही.

बायकोचं नाव लावायला: गावच्या तलाठ्यापासून सुरुवात करा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या हयातीत, नवऱ्याच्या अर्जावर, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. सातबारा, दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा बरोबर ठेवा. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. मधे विसरू नका, नोंद मंजूर झाली का ते मोबाईलवरच बघता येतं.

मोबाईल स्टार्टर घेताना: विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा, मग सिम घ्या. ड्राय रन आणि फेज संरक्षण असलेलाच घ्या. आणि चालू-बंद करायचा नंबर घरातल्या बाईच्या फोनमध्येही टाकून द्या.

ज्यांनी घरच्यांचं नाव सातबाऱ्यावर लावलंय त्यांनी किती दिवस लागले, कुठं अडलं, ते जरूर लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.