परतीची तार

गाडी दारात आली त्या दिवशी आबांनी तिला एक प्रदक्षिणा घातली, वाकून आत डोकावले आणि विचारले, "घरात मानसं पाच, अन् हिच्यात जागा दोन. बाकीच्या तिघांनी काय मागनं चालत यायचं?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, उसाच्या बिलाचा हप्ता आणि पगारातली शिल्लक एकत्र करून, कुणी लोणी देवकरसारख्या गावात दोन आसनांची, उघड्या छताची, चौदा वर्षांची जुनी स्पोर्ट्‌स गाडी आणून उभी केली, तर त्याचे समर्थन तर्काने करता येत नाही. आम्ही तसा प्रयत्नही केला नाही. घरातून "हिच्या डिकीत आठवड्याचा बाजार तरी मावतो का?" एवढीच विचारणा झाली, आणि तिलाही आम्ही गप्प राहूनच उत्तर दिले.

लोणी देवकर हे पुणे–सोलापूर महामार्गावरचे, भिगवण आणि इंदापूर यांच्या मधले गाव. उत्तरेला उजनी धरणाचे पाणी, अवतीभवती ऊस, आणि महामार्गालगत औद्योगिक वसाहत. याच वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. म्हणजे दुसऱ्याची यंत्रे जशी होती तशीच ठेवण्याचा पगार घेतो. आपले स्वतःचे एक यंत्र असावे आणि ते जसे आहे तसे मुळीच ठेवू नये, ही इच्छा बहुधा त्यातूनच उपजली असावी.

गाडी गोव्याची. तिथल्या सॅन मोटर्स या कंपनीने १९९८ साली 'स्टॉर्म' नावाची दोन आसनी गाडी बाजारात आणली. भारतात तयार झालेली उघडी स्पोर्ट्‌स गाडी ही तेव्हा जवळजवळ कल्पनेतलीच वस्तू होती. पुढे २००० साली टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'आरिया' नावाची अशीच एक देखणी गाडी मांडली; पण ती कधी विक्रीला आली नाही. स्टॉर्म मात्र रस्त्यावर आली. तिचे इंजिन रेनोचे, १,१४९ सी.सी.चे, साधारण ६० अश्वशक्तीचे; म्हणजे युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या घरगुती गाड्यांत बसणारे. अंग पत्र्याचे नव्हे, फायबरचे. वेगाचे विक्रम करण्यासाठी ती नव्हतीच. तिच्यात होते ते एक बसणे: रस्त्याला जवळजवळ टेकून, डोक्यावर आभाळ घेऊन जाणे. आमच्या गाडीचे वर्ष २००४. आम्ही ती घेतली २०१८ च्या दिवाळीनंतर.

आधीच्या कुणा हौशी मालकाने तिच्यावर हात फिरवलेला होता. गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून स्प्रिंगांची वेटोळी कापली होती. स्प्रिंग कापली की ती आखूड होते, तशीच कडकही होते, हे कापणाराच्या ध्यानात येत नाही; ते बसणाराच्या मणक्यांना कळते. टायर रुंद घातले होते, ते वळताना कमानीला घासत. आतल्या गाण्याच्या पेटीसाठी ओढलेल्या तारा चिकटपट्टीत गुंडाळून गालिच्याखाली सारल्या होत्या.

हे सगळे पाहून शहाण्या माणसाने आधी ते उतरवले असते. आम्ही त्यात भर घातली. आमचे चिरंजीव तेव्हा अकरावीत होते, आणि सुधारणांची यादी आम्ही दोघांनी मिळून वहीच्या पानावर केली होती. पहिला क्रमांक सायलेन्सरचा. त्याचे आतले पोट काढून टाकल्यावर गाडी अशी काही गरजू लागली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दोन दिवस दूध चोरू लागल्या. आवाज वाढला, ताकद वाढली नाही. पण कानाला ताकद वाढल्याचा भास होतो आणि माणूस भासावर खूष असतो. दुसरा क्रमांक दिव्यांचा. पुढच्या जाळीपाशी आम्ही १०० वॅटचे दोन मोठे दिवे बसवले. तिसरा क्रमांक पट्ट्यांचा, बॉनेटवर दोन पांढऱ्या. 'ब्रेकचे तेल व पाइप बदलणे' हे त्या यादीत चौथ्या क्रमांकावर, शाई संपत आल्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते. ते पान आम्ही अजून जपून ठेवले आहे.

डिसेंबर अखेरची गोष्ट. आम्ही दोघे बापलेक भिगवणला मासे खाऊन रात्री परतत होतो. छत उघडे, थंडी कडाक्याची, चिरंजीव मफलर गुंडाळून राजासारखे बसलेले. समोर अंधार होता आणि आमचे नवे दिवे तो कापत चालले होते. एकाएकी पुढचे सगळे दिवे गेले. नवे गेले, जुने गेले, एकही राहिला नाही. आमचा वेग ताशी ६० च्या आसपास असावा. त्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डोळे अंधाराला सरावण्यापूर्वी उसाचा वास आला. मग त्या वासाच्या जागी एक काळी आकृती दिसू लागली. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना लाल काच.

आम्ही ब्रेक दाबला. पायाखाली तो स्पंजासारखा दबला, आणि मग पकडला तो एकाच बाजूने. गाडी डावीकडे ओढली गेली, डांबर सोडून कडेच्या मुरमावर उतरली आणि दगडांच्या एका ढिगाला नाक लावून थांबली. ट्रॉली आपल्या गतीने, आपल्या अंधारात निघून गेली. ट्रॅक्टरवाल्याला बहुधा काही कळलेच नाही; त्याच्या टेपचा आवाज मोठा होता. कुणाला खरचटलेही नाही. परंतु जमिनीला टेकलेल्या गाडीत बसणाराचे डोके नेमके कुठे असते, हे आम्हाला त्या क्षणी दिसले. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी कडेची आणि चिरंजिवांच्या कपाळाची उंची एकच होती. ती रेषा आमच्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही. आणि छत उघडे होते.

घरी आलो तेव्हा आबा जागे होते. ते काही बोलले नाहीत. सकाळी गाडीच्या फुटक्या नाकापाशी चहाचा कप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पळवायची कशावर, ते झालं तुमचं. थांबायची कशावर?"

आबांचे सारे तारुण्य भीमेच्या काठी ऑइल इंजिनावर पाणी उपसण्यात गेले. मोटारीतले त्यांना काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. पण बिघाड शोधण्याची त्यांची एक रीत आहे: जे सर्वांत शेवटी जोडले, ते सर्वांत आधी सोडून पाहायचे. आम्ही नवे दिवे सोडवले आणि चूक हातात आली. ती सर्वस्वी आमचीच होती. पत्र्याच्या गाडीत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या अंगालाच जोडलेली असते. दिव्यापर्यंत एक तार नेली की परतीची वाट पत्रा पुरवतो. फायबर वीज वाहत नाही. त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची तारसुद्धा ओढावी लागते, आणि ती थेट चासीपर्यंत पोचवावी लागते. आम्ही दोन्ही नव्या दिव्यांची परतीची टोके जुन्या दिव्यांच्या बारीक तारेत पिळून दिली होती. १०० वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर आठ अँपिअरहून अधिक ओढतो. दोन नवे आणि दोन जुने मिळून जे काही परत निघाले, ते त्या तारेला सोसले नाही. ती वितळली, आणि तिच्यावर विसंबलेले सगळेच विझले. देखभालीत बावीस वर्षे काढलेल्या माणसाकडून हे घडले. जाण्याची वाट सगळेच जाड तारेची करतात. परतीच्या वाटेकडे लक्ष जात नाही.

त्यानंतर दोन महिने गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओंडक्यांवर उभी होती. वहीच्या पानावर नवी यादी झाली आणि चौथा क्रमांक पहिला झाला. ब्रेकचे जुने तेल काढले तेव्हा ते काळ्या चहासारखे निघाले. हे तेल हवेतली ओल शोषत राहते. ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ लागते. पाइप आतून सुजले होते, म्हणून एक चाक पकडत होते आणि दुसरे नुसते विचार करत होते. नवे पाइप आणि नवे लायनर घातल्यावर प्रश्न आला एअर काढण्याचा. या कामाला दोन माणसे लागतात: एक आत पेडलवर, एक खाली निपलवर. चिरंजीव परीक्षेला गेले होते. आबा धोतर सावरत त्या बुटक्या आसनात कसेबसे उतरले.

"दाबा, आबा."

"दाबलं."

"धरा तसंच... हं, सोडा आता."

चार चाके होईतो असे किती वेळा झाले याची मोजदाद नाही. मधल्या उसंतीत आबा बोलत राहिले. आमचे जुने गाव भीमेकाठचे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि ते यशवंत सागराच्या पाण्याखाली गेले. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटले की वर येते आणि लोक ते पाहायला जातात. आमच्या घराचे तसे काही वर येत नाही. आबा म्हणाले, "घर का समदं उचलून आनता येतंय? चौकट आनली, दोन खांब आनलं. भिती पान्याला दिल्या. काय ऱ्हाऊ द्यायचं अन् काय आनायचं, त्ये आदी ठरवावं लागतंय. मग बांधायचं." आमच्या आजच्या घराची पुढची चौकट बाकीच्या दारांहून वीतभर बुटकी का, हे आम्ही लहानपणापासून जाणतो, तिच्यातून वाकूनच आत यावे लागते. पण ती चौकट म्हणजे एक निर्णय होता, हे आम्हाला गाडीखाली उताणे पडलेले असताना कळले.

मग आम्हीही ठरवत गेलो. सायलेन्सर मूळ घाटाचा आणला. कापलेल्या स्प्रिंगा काढून योग्य उंचीच्या शोधल्या; त्याला सहा आठवडे आणि बरेच फोन लागले. टायर मूळ मापाचे घातले, तेव्हा वेगाचा काटाही पुन्हा खरे बोलू लागला. फायबर पत्र्यासारखे ठोकून काढता येत नाही. फुटलेले नाक घासून, मॅट आणि रेझिनचे थर देऊन, वाळवून, पुन्हा घासावे लागले. चिरंजिवांनी ते काम तोंडाला रुमाल बांधून एकट्याने केले. प्रत्येक दिव्याला आम्ही स्वतंत्र परतीची तार दिली, रिले आणि फ्यूज बसवले.

याच सुमारास, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरवलेला वाहनाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा दर फेरफारास पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हौशी मंडळी चिडली. एरवी आम्हीही चिडलो असतो, कारण या मुलखात फेरफार केल्यावाचून कोणतेच यंत्र राहत नाही. ऑइल इंजिनावर गिरण्या चालल्या आहेत आणि मोटारींच्या चाकांवर बैलगाड्या. पण आता आमच्याजवळ कायद्याहून जवळचा पुरावा होता. तो रोज संध्याकाळी शेजारी बसून अभ्यास करत असे. फक्त एकच खंत वाटली: आमच्या दिव्यांचा हिशेब घेणारा कायदा आणि ती अंधारात चालणारी ट्रॉली, दोन्ही एकाच रस्त्यावर होते.

म्हणून शेवटची सुधारणा गाडीबाहेर झाली. आम्ही लाल रेडियमची दोन मोठी भेंडोळी आणली आणि पुढच्या हंगामात आबा आणि त्यांचा नातू मिळून आळीतल्या प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीला ते चिकटवत हिंडले. कुणी हसले, कुणी चहा पाजला. "गाडी तुमची अन् रेडियम आमाला?" असेही एकाने विचारले. आबांनी उत्तर दिले नाही. आधी पुसून घे, धुळीवर चिकटत नाही, एवढेच नातवाला सांगितले.

२०१९ मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा गाडी पुनर्नोंदणीच्या तपासणीला उभी राहिली आणि पास झाली. तपासणाराला तिच्यात आक्षेपार्ह काही सापडले नाही. आमची म्हणून तिच्यात एकच भर उरली आहे, आणि ती त्यांनी पाहून सोडून दिली: डाव्या बाजूला आतल्या दांडीला बांधलेला बैलाच्या कासऱ्याचा एक तुकडा. आबांचे गुडघे आता त्या बुटक्या आसनातून उठू देत नाहीत. कासऱ्याला धरून ते वर येतात.

बाकीच्या तिघांनी काय करायचे, या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले आहे. पाळ्या लावल्या आहेत. आबांची पाळी रविवारी सकाळी असते, पळसदेवच्या पाण्यापर्यंत आणि परत.