भुसा आणि फेविकॉल

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. धाकट्या पुतणीने काळजीने फोन केला, "काका, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासूनच कुरकुरतोय. न लिहिण्याचं कारण वेगळं होतं. एक चौरंग!

आता चौरंगात काय लिहिण्यासारखं, असं वाटेल. पण त्याआधी आमच्या रविवारच्या कट्ट्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल.

निवृत्तीनंतर मी लाकूडकाम करतो हे घरच्यांना माहीत आहे (सूनबाईंना जरा जास्तच माहीत आहे, कारण भुसा त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडतो). मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे, त्यात एक जुनं टेबल, एक शिकंजा आणि वडिलांची हत्यारांची पेटी. सात-आठ वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका वखारीत दोन फूट सागवान मागायला गेलो होतो. वखारवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी किराणा दुकानात एक शेंगदाणा मागितला. माझ्या मागे उभे असलेले गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मला तर एकच फूट हवंय." ते निवृत्त इंजिनियर निघाले. घरी छोटं लेथ मशीन ठेवून वाफेची खेळण्याएवढी इंजिनं बनवतात. तिथून ओळख झाली, आणि हळूहळू आम्ही सहा-सात जण जमलो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, मधल्या काळात जे केलं असेल ते पिशवीतून आणायचं, टेबलावर मांडायचं. चहा, पोहे आणि भरपूर चिरफाड.

चिरफाडीचा नियम इंजिनियर साहेबांचा. आधी काय चुकलं ते सांगायचं, मग वस्तू दाखवायची. ते स्वतः बिस्किटांच्या डब्यात आपले बिघडलेले भाग जपून ठेवतात आणि आधी डबाच उघडतात. त्यांच्या त्या इंजिनाचं पितळी सिलिंडर जागच्या जागी झुलतं. झुलता झुलता त्याच्यावरचं भोक एकदा वाफ आत येण्याच्या वाटेवर येतं, एकदा बाहेर जाण्याच्या. वेगळी झडप लागतच नाही. ऐकायला सोपं, पण ते दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर जराही फट न ठेवता सरकले पाहिजेत, नाहीतर वाफ तिथूनच निसटते. दोन सिलिंडर डब्यात गेली, तिसऱ्यावर इंजिन चाललं. वाफेवर नाही हो, सायकलच्या पंपाने हवा भरून! पण ते चाक टुकटुक करत फिरायला लागलं तेव्हा आम्ही सगळे म्हातारे टाळ्या वाजवत होतो.

एक डॉक्टर आहेत, ते जुने व्हॉल्व्हचे रेडिओ बोलते करतात. आमच्यात एकच बाई आहेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या. त्या गॅलरीत दुर्बिणीचा आरसा घासतात. मला हे प्रकरण आधी कळलंच नव्हतं. सहा इंचाच्या दोन जाड काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं आणि एकीवर दुसरी घासत राहायचं. घासणाऱ्याने स्वतः टेबलाभोवती फिरायचं, काचही हातात फिरवत राहायची. मग आपोआप वरची काच मध्ये खोलगट होते आणि खालची फुगीर. किती खोल? आठवडेच्या आठवडे घासून मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर. पुढे बारीक, आणखी बारीक पूड, मग राळेवर पॉलिश. शेवटी एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं घेऊन त्याचा आकार तपासायचा. फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. दिव्याचा उजेड आरशावरून परत येतो, त्याच्या वाटेत पातं हळूच सरकवायचं, की आरशावरचे उंचसखल भाग सावल्यांसारखे दिसतात. केसाच्या जाडीच्या शेकडो भागांतला एक भाग इतका फरक घरातल्या पात्याने कळतो! बाईंचा आरसा पॉलिशपर्यंत आला आणि त्यावर एक लांब ओरखडा उठला. बादली नीट धुतली नव्हती, जाड पुडीचा एखादाच कण राहिला होता. ओरखडा काढायचा तर पुन्हा मागच्या पुडीपर्यंत जायचं. त्यांनी तो आरसा तसाच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "एक कण." बस, एवढंच.

आणि मी? मी या मंडळींत सात वर्षं जी चूक सांगत आलो ती नेहमी सांगायला बरी दिसेल अशीच. पहिला पाट केला तेव्हा त्याची फळी खालच्या दोन आडव्या पट्ट्यांना स्क्रूने घट्ट आवळली. मे महिन्यात फळी मधोमध उभी चिरली. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्याला दोन्हीकडून बांधून ठेवलं, तर ते कुठेतरी फाटणारच. म्हणून जुन्या दारांच्या चौकटीत मधली फळी नुसती खाचेत बसवलेली असते, खिळा नाही, काही नाही. ही गोष्ट मी कट्ट्यावर अगदी रंगवून सांगितली. शिक्षकाला चूकसुद्धा धड्यासारखी सांगायची सवय!

पण खरी चूक मी सांगत नव्हतो. माझे सांधे जुळत नाहीत. पायाचं कुसू आणि वरच्या फ्रेमची खाच यांच्यात फट राहते. मग मी काय करतो, तर करवतीचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवतो, फटीत भरतो, वाळल्यावर पॉलिश पेपर मारतो. वर पॉलिशचा हात दिला की ब्रह्मदेवालाही दिसत नाही. सात वर्षं "वा सर!" ऐकत आलो ते याच्यावर.

दोन महिन्यांपूर्वीचा कट्टा डॉक्टरांकडे होता. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचं काम चालू होतं आणि आटपाडीकडचा एक तरुण सुतार रविवार असूनही कामाला आला होता. मी सूनबाईंसाठी गौरीगणपतीचा चौरंग केला होता, जुन्या वाड्याच्या दाराचं सागवान. सगळ्यांनी नावाजला. तो पोरगा चहा घेऊन दारात उभा होता. डॉक्टरच म्हणाले, "ये रे, तूही बघ." त्याने कप खाली ठेवला, हात पँटला पुसले, चौरंग उलटा केला आणि अंगठ्याचं नख एका सांध्यावरून फिरवलं. मग दुसऱ्या. माझ्याकडे बघून हसला. वाईट नाही, चांगलं हसला.

"सर, भरलंय."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"किती दिवस लागलं?"

"तीन आठवडे. रोज थोडं थोडं."

"बरं हाय," तो म्हणाला, "आमाला असल्याला एक दिवस मिळतो." आणि कप उचलून आत कामाला गेला. आतून लगेच मशीनचा आवाज सुरू झाला.

तो टोमणा नव्हता. पण मला पोहे जाईनात. कारण "एक दिवस मिळतो" हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

आमचे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू) जत तालुक्यातल्या आमच्या गावचे सुतार. नव्या पिढीला हे नुसतं ऐकून माहीत आहे, म्हणून थोडं सांगतो. नांगर, कुळव, तिफणीचं चाडं, दाराची चौकट, पाळणा आणि तिरडीसुद्धा, सगळं त्यांच्याकडे. बाभळीचा ओंडका वाकसाने तासताना ढलप्या कशा उडत ते मला अजून दिसतं. सगळ्यांत मोठं काम गाडीचं चाक. मधला तुंबा, त्यात आरे, बाहेरून लाकडाचं वळण. मग लोखंडी धाव शेणकुटांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि लगेच घागरी ओतायच्या. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे करकचून आवळतं. आम्ही पोरं धुरात नाचत असू. धाव अर्ध्या बोटाने लहान झाली तर चढत नाही, मोठी झाली तर चाक खिळखिळं. तिथे भुसा भरता येत नाही.

सुगीच्या आधी दहा घरांची औजारं एकदम यायची आणि प्रत्येकाला आपलं आजच हवं असायचं. "एक दिस मिळतोय रं," आण्णा म्हणायचे. पैसे नाहीतच, खळ्यावर धान्य. पुढे टायरच्या गाड्या आल्या, धाव बसवायचं काम गेलं. लोखंडी नांगर तर आधीपासूनच होते. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात १९१० पासून. आणि १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ज्याचे बैलच बाजारात गेले तो कुळव कशाला दुरुस्त करील? आण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्या वर्षी मी बी.ए. झालो.

दहा वर्षांचा असताना मी त्यांच्या पटाशीने भोवरा करायला बसलो होतो. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते तेव्हा. "हातात खडू धर," म्हणाले, "ह्यात काय न्हाई." मी खडू धरला. छत्तीस वर्षं धरला. त्यांना त्याचा अभिमान होता, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे.

हे पुढचं ऐकलेलं नाही.

१९६७ साली जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास होऊन मी कॉलेजच्या प्रवेशासाठी सांगलीला आलो. आण्णा बरोबर होते. फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. माझ्या पुढच्या मुलाने 'वकिली' लिहिलेलं मी पाहिलं. मी 'शेती' लिहिलं. आपल्याकडे दीड एकर माळ होता, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं. (बघा, इथेही भुसा भरतोच आहे.) आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. बाहेर आल्यावर आण्णांनी विचारलं, "समदं भरलंस? माझं काय लिवलंस?" त्यांना वाचता येत होतं, चौथी शिकलेले होते. पण त्यांनी फॉर्म बघायला मागितला नाही. मी म्हणालो, "सुतारकाम." ते म्हणाले, "बरं." आणि स्टँडवर मला भजी खाऊ घातली.

ते १९८९ मध्ये गेले. त्यांना कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. कट्ट्यावर हे बोललो नाही. तिथे मी फक्त सांध्याबद्दल बोललो, भुसा-फेविकॉलची सात वर्षांची सगळी कहाणी. इंजिनियर साहेबांनी डबा पुढे सरकवला आणि म्हणाले, "एक पाय कापून यात टाका." सगळे हसले. पण मी घरी येऊन खरोखरच चौरंगाचे चारही पाय कापले. सूनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना वाटलं सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं.

त्या पोराला डॉक्टरांकडून निरोप पाठवला. एका संध्याकाळी काम सुटल्यावर तो आला. मी पेन्सिलीने कुसू आखलेलं त्याने पाहिलं आणि मान हलवली. "पेन्सिलची रेघ जाड आस्ती सर. पाव सूत तितंच जातं." मग मी कशाने आखू? तो हत्यारांच्या पेटीत बघायला लागला. एक पटाशी उचलून धार बघितली, निसण्यावर हात फिरवला, काही बोलला नाही. तळातून त्याने करवतीच्या पात्याचा एक बोटभर तुकडा काढला, एका टोकाला तिरका घासलेला, दुसऱ्या टोकाला सुतळी गुंडाळलेली. मी तो इतकी वर्षं पॉलिशच्या डब्याचं झाकण उघडायला वापरत होतो.

"हे तर हाय की," तो म्हणाला. "कुणाचं?"

"वडिलांचं."

"सुतार होते?"

"हो," मी म्हणालो. "सुतार होते."

त्याने टोक निसण्यावर दहा-बारा वेळा फिरवलं, गुण्या लावला आणि लाकडावर रेघ ओढली. रेघ कसली, लाकडात बारीकशी चीर. पटाशी त्या चिरेत आपोआप जाऊन बसते, हलत नाही. युक्ती एवढीच. सुतळी काळीकुळकुळीत झाली होती, बोटाच्या जागी दबलेली. माझं बोट तिथे बसत नाही, त्यांचं जाड होतं.

त्याला मी पैसे देऊ केले तर त्याने घेतले, आणि ते मला बरं वाटलं.

चार पायांतले तीन सांधे आता बसले आहेत. चौथ्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे आणि ती मी तशीच ठेवली आहे. परवाचा रविवार आमच्याकडे आहे, सहा जण येतील, बाई नवा आरसा घेऊन. पोह्यांऐवजी भजी करा असं मी सूनबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "आधी शेडमधला भुसा काढा, बाबा."