बोरूचे वळण

बोरू आपल्या हातून सुटला त्याला पुष्कळ वर्षे झाली. जिभेवरून मात्र तो अजून उतरलेला नाही. पानेच्या पाने खरडणाऱ्याला आपण 'बोरूबहाद्दर' म्हणतो. कुणाच्या कष्टांची माती झाली की त्यांवर 'हरताळ फासला' म्हणतो. हरताळ हे पिवळ्या रंगाचे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळाचा लेप देई आणि तो सुकला की त्याच जागी बरोबर अक्षर लिही. आज आपण ज्याला नासाडी म्हणतो ती मुळात दुरुस्ती होती! शब्द राहिले, त्यांच्यामागचा हात गेला, म्हणजे अर्थ असे उलटेपालटे होतात.

हा हात साधासुधा नव्हता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे, ओळी सरळ याव्यात, भोवती कोरी जागा सोडून मध्येच लिहावे, कागद झडला तरी अक्षर झडू नये, बोरू निरनिराळ्या देशांचे आणावेत, हिंगूळ आणि शाई संग्रही असावी... ब्रह्मज्ञान सांगणारा पुरुष टाक कसा तोडावा तेही सांगतो, याचे मला विद्यार्थिदशेत नवल वाटे. आज वाटत नाही. ज्या काळी ग्रंथाची दुसरी प्रत म्हणजे दुसऱ्या माणसाचे काही महिने, त्या काळी अक्षर हा परमार्थाचाच भाग होता.

आपल्याकडे लिहिणारे हात दोन होते. देवासाठी बाळबोध आणि व्यवहारासाठी मोडी. पोथी बाळबोधीत. दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबून ओळी उमटवायच्या, काजळ आणि डिंक घोटून शाई करायची, दंड, अध्यायाची समाप्ती आणि ओव्यांचे आकडे हिंगुळाने तांबडे काढायचे. ऐपत असेल तर समासात वेलबुट्टी आणि एखादे चित्र. मोडीला हे लाड नव्हते. हिशेब, करार, पत्रे, फर्मासी, तक्रारी असा रोजचा राबता तिच्याकडे. शाई वाळण्यापुरतीही उसंत नाही म्हणून वर बारीक वाळू टाकायची, झटकायची आणि कागद रवाना करायचा.

आमच्या पेडणे महालाची तर याहून तऱ्हा वेगळी. १७८८ साली हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. सरकारी भाषा बदलली, पण गावच्या आणि घरच्या कागदांतली मोडी लगेच गेली नाही. गोव्याच्या जुन्या भागांत गावकीचे हिशेब कंदवी म्हणजे गोयकानडी लिपीत असत, आमच्याकडे मोडीत. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. तिथे पोर्तुगीज दप्तराच्या शेजारी मराठी मोडी कागदही आहेत. त्या दोहोंचा मेळ घालून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. पण कपाटातले कागद वाचायला पिसुर्लेकर होते. माळ्यावरचे कागद वाचायला कोण?

हा प्रश्न मनात घोळत असताना माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून काही छायाचित्रे पाठवली. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही हौशी मंडळींनी युरोपचे मध्ययुग पुन्हा जगून पाहण्याचा खेळ सुरू केला. त्याचे पुढे मोठे मंडळ झाले, 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम'. एरवी नोकरी-धंदा करणारी ही माणसे सुटीच्या दिवशी चिलखत चढवतात, हाताने शिवलेले जुन्या घाटाचे कपडे घालतात, आपल्यातूनच 'राजा' करतात. तो दरबार भरवून कुणाचा गौरव करतो तेव्हा द्यायचे मानपत्र छापील चालत नाही. मंडळातलेच लेखक ते जुन्या वळणात लिहितात, पहिले अक्षर मोठे काढून त्यात वेली आणि पशुपक्षी गुंफतात, सोन्याचा वर्ख लावून घोटतात. एका मानपत्रापायी कित्येक संध्याकाळी जातात, मोबदला जवळपास काही नाही.

याला पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. पण तिकडे ही विद्या अशाच वेडाने वाचली. विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड जॉन्स्टन या इंग्रजाने ब्रिटिश म्युझियममधली जुनी हस्तलिखिते पुढ्यात घेऊन, ती लिहिणाऱ्याने लेखणी कशी कापली असेल आणि कशी धरली असेल याचा शोध घेतला आणि १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढच्या कित्येक अक्षरकारांचा तो गुरू झाला. आपल्याकडेही असे लोक झाले. संगणकावर आपण जे मराठी वाचतो त्यातला 'मंगल' हा टंक प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. अच्युत पालवांनी मोडीचा ध्यास घेतला आणि तिचे वळण देवनागरीत आणून 'मुक्तलिपी' घडवली.

आणि जुना काळ अंगावर चढवण्याची हौस आपल्याला काय कमी आहे? दिवाळीला अंगणात किल्ला, शिवजयंतीला मिरवणूक, स्नेहसंमेलनात दरबार. आमच्या शाळेतही दरवर्षी एक दूत येतो, मुजरा करतो आणि खलिता उलगडतो. हा खलिता कसा होतो ते मी पाहत आलो आहे. ड्रॉइंगचा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा आणि कडा मेणबत्तीवर जाळायच्या. आपले कारकून कागदाच्या कडा जाळत असत ही समजूत मुलांना कुणी करून दिली कोण जाणे! दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा किंवा जुन्नरचा कागद घोटलेला, नेटका असे. आत मजकूर काय? बहुधा काहीच नाही. दूत पाठ केलेले बोलतो.

गेल्या वर्षी मी मुलांना एवढेच म्हटले, की या खेपेस खलिता कोरा नको. त्यातून शनिवारी शाळा सुटल्यावरचा आमचा बोरूचा वर्ग सुरू झाला. सातवी ते नववीची अकरा मुले. विद्यार्थ्याने कौतुकाने तिकडून लेखण्याही धाडल्या होत्या, पण त्यांनी बाळबोध लिहायला घेतले की जाड रेघ हवी तिथे बारीक येई आणि बारीक हवी तिथे जाड. इंग्रजी अक्षराच्या लेखणीचा काप एका अंगाला, आपला नेमका दुसऱ्या अंगाला. शेवटी बांबूच्या कामट्या तासल्या. समईवर तांब्याचे ताट धरून काजळ जमवले, बाभळीचा डिंक भिजवून त्यात घोटले. हिंगूळ आणि हरताळ ही दोन्ही खनिजे विषारी, एकात पारा तर दुसऱ्यात सोमल. तेव्हा तांबड्या-पिवळ्याचे काम बाजारच्या रंगांवर भागवले.

मोडी शिकवताना मजा आली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे. लेखणी होईल तितकी उचलायचीच नाही. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही. हे शेवटचे ऐकून वर्गात जो आनंद पसरला तो मला, मराठीचा शिक्षक या नात्याने, फारसा रुचला नाही! पण एक गोष्ट ध्यानात आली. तक्ता पाठ करून ज्या मुलांना मोडीची ओळ फुटत नव्हती, त्यांना महिनाभर हाताने गिरवल्यावर ती फुटू लागली. जुन्या कारकुनाने 'का' कुठून उचलला आणि 'की'कडे कसा वळवला हे डोळ्याला दिसत नाही. हाताला मात्र ते कळते. लिहिता आल्याखेरीज मोडी वाचता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

'सर, ह्याला मार्क किती?' असे एका पालकांनी विचारले. मार्क नाहीत, असे मी सांगितले. ते हसले आणि मुलाला घेऊन गेले. अकरांची दहा झाली.

वर्गाची वार्ता गावात फिरली आणि एका शनिवारी एक आजी फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, ह्या कागदात काय लिवलेलां आसा तां माका वाचून सांगा. माज्या सासऱ्यान जपलो, घोवान जपलो, आता मी जपतंय. पण वाचूक कोणाक येना."

घरात समजूत अशी, की तो जमिनीचा कागद आहे आणि शेजारच्या घराशी बांधावरून जे वाकडे आले त्याचा निकाल त्यात आहे. मी म्हटले, "आजी, आम्ही वाचतो. पण कोर्ट-कचेरीला आमचे वाचन चालायचे नाही, तिथे जाणकाराचा दाखला लागतो. आणि तुमच्या मनासारखे निघेलच असेही नाही." त्या म्हणाल्या, "निघांदे काय निघाचां तां."

तीन शनिवार लागले. मुलांनी फोटो मोठा करून एकेक अक्षर वेगळे लिहून काढले. 'शके १८०९, सर्वजित नाम संवत्सरे' लागले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. राजश्रीचा नुसता 'रा', खंडीचा नुसता 'खं', असे संक्षेप अडवत होते. एक शब्द कुणालाच फुटेना. मराठीच्या पुस्तकात 'आणले' असते. कागदात 'हाडले' होते. तो एका आठवीतल्या मुलीला फुटला, कारण तिच्या घरात तसेच बोलतात. मराठी कुठे संपते आणि कोकणी कुठे सुरू होते यावर आपण मोठी माणसे केवढे कागद काळे केले! या कागदाला तो वाद ठाऊकच नव्हता. लिहिणाऱ्याच्या बोरूतून दोन्ही एका दमात, शब्द न तोडता, उतरल्या होत्या.

आणि त्यात जमीन नव्हतीच. पीक बुडालेल्या वर्षी शेजारच्या घरून बियाण्याचे भात उसने हाडले होते, ते पुढल्या सुगीला माप भरून परत केले, देणाऱ्याने 'भरून पावलो' असे लिहून दिले. तीच ही पावती. तीन पिढ्यांनी जिवापाड जपलेला कागद म्हणजे शेजाऱ्याच्या उपकाराची नोंद!

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "म्हणजे तेंच्या भातार आमचा शेत जगला. आनी आमी दोन पिढ्यो तेंच्याकडे बोलाक नाय."

मुलांनी त्या मजकुराची बाळबोध प्रत करायचे ठरवले. इथे मात्र मी त्यांना रंगांना मोकळीक दिली. वरती तांबड्या रंगात 'श्री', भोवती कोरी जागा, कडेला भाताच्या लोंब्यांची वेल. वेलीचे वळण एका मुलाने सावंतवाडीच्या गंजिफांवरून उचलले. गंजिफाही अशाच, गेल्या शतकात मागे पडत चाललेल्या आणि सावंतवाडीच्या राजघराण्याने पुन्हा उभ्या केलेल्या. प्रत पाहून आजी म्हणाल्या, "दोन करा." दुसरी कुणासाठी, हे मी विचारले नाही.

सुशोभन म्हणजे काय, हे त्या दिवशी मला नीट उमगले. चहात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर कितीही कडा जाळल्या तरी तो वेषच राहतो. आधी वाचावे, मग सजवावे. ज्या मजकुराचा अर्थ कळला, त्याच्याभोवती वेल आपसूक शोभते. तिकडच्या त्या हौशी लेखकांकडून घ्यायचा तो त्यांचा दरबार नव्हे. जुने पान समोर ठेवून त्याच्या लेखकाचा हात शोधत बसण्याचा चिवटपणा घ्यावा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या शाळांतून मोडी शिकवली जात होती. २०१४ साली ती युनिकोडमध्येही आली, म्हणजे संगणकाला ती आता परकी नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ तिचे वर्ग घेते. थोडक्यात, शिकायचे म्हटले तर वाट बंद नाही. पण ज्याच्या माळ्यावर बासन आहे त्याने तरी ती वाट धरावी, की इतरांनीच आपल्यासाठी धरावी?

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी झाडलोट चालू असेल आणि आमच्या वाड्यावाड्यावर पोरे नरकासुर बांधत असतील. त्यांना रद्दी लागते आणि ती दारोदार मागितली जाते. द्या, जरूर द्या; वर्तमानपत्रे पुष्कळ असतात. पण माळ्यावरचे फडक्यात बांधलेले बासन देण्यापूर्वी एकदा सोडून पाहा. आडव्या रेघेखाली न तुटणारी अक्षरे दिसली तर त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, उन्हात वाळत घालू नका. कोरड्या सुती फडक्यात पुन्हा बांधा, भ्रमणध्वनीवर त्याचा फोटो काढा आणि वाचणारा शोधा. कुणाचे उसने आपल्या घरात अजून जपलेले आहे, हे एकदा कळलेले बरे.