आगंतुक आवाज

गाण्याच्या बैठकीला उशिरा येणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिले आहे का? वहाणा बाहेर काढून तो दारातच थबकतो. बुवा समेवर येईपर्यंत आत पाऊल टाकीत नाही. मग 'वाहवा'च्या गलक्यात हळूच शिरतो आणि मागच्या भिंतीशी अंग चोरून बसतो. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. जो आधी गातो आहे त्याचा मान आधी, एवढे शहाणपण आपल्या रक्तातच आहे.

पण हल्ली आमच्या घरोघरी टॅब्लेट नावाची जी पाटी आली आहे, तिच्या दरबारी सगळा उलटा न्याय. तिथे मागाहून येणारा थेट बुवांच्या गादीवर बसतो आणि बुवा बिचारे निमूटपणे उठून जातात!

माझे मामा कुंडलला राहतात. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर उतरले की कुंडल हाकेच्या अंतरावर. त्या स्टेशनाचे जुने नावच मुळी कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या माळावर कारखाना आणला आणि स्टेशनाला नवे नाव मिळाले. पण कुंडलकरांना त्याचे वैषम्य नाही. त्यांचे नाव 1943 नंतर प्रतिसरकारने गाजवले. न बोलावता डोक्यावर बसलेल्या सरकारला या गावाने जुमानले नाही. अशा गावच्या माणसाला प्रेशर कुकरच्या जाहिरातीने नमवावे, याला काय म्हणावे!

मामा निवृत्त शिक्षक. गाण्याचे भारी वेड, त्यातही द. वि. पलुस्करांचे. पलूस हे कुंडलच्या शेजारचेच गाव, आणि पलुस्कर घराण्याचे आडनाव त्याच गावावरून आलेले. त्यामुळे "आपल्याकडचा गवई" असे म्हणण्याचा आपल्याला पिढीजात हक्क आहे, अशी मामांची प्रामाणिक समजूत आहे. द. वि. पलुस्कर 1955 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी गायिलेला श्री राग ऐकला की मामा म्हणतात, "अरे, एवढ्याशा वाटीत याने सगळी कृष्णा भरून ठेवली आहे."

मुलाने बंगळूरहून टॅब्लेट पाठवला तेव्हा मामांची संध्याकाळच बदलली. दिवेलागणीला ओसरीवर बसायचे, श्री राग लावायचा आणि त्याच पाटीवर बोट फिरवीत बातम्या वाचायच्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर छापील अक्षर त्यांना जड जाते. पाटीवरचे अक्षर हवे तेवढे मोठे होते.

आणि एके दिवशी, स्वर ठरायला आणि उसाच्या दराची बातमी उघडायला एकच गाठ पडली. गाणे तुटले आणि एक बाई ठणठणीत आवाजात कुकरचे गुण सांगू लागली. मामांनी आवाज कमी केला. बाई बंद झाली, पण गाणे परत येईना. पान वरखाली केले, तर कोपऱ्यात मोहरीएवढी फुली. तिच्यावर बोट पडेपर्यंत भलतीच जाहिरात उघडली. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार, तिसऱ्या दिवशीही तोच.

दिवाळीला मी गेलो तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले बघ, ह्यांनी गाणं लावलंच नाही."

मी मामांना विचारले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या हातून काहीतरी बिघडलं असावं रे. पोरानं एवढी महागाची वस्तू पाठवली. त्याला कसं सांगू?"

मला त्या कुकरवालीचा एवढा राग आला नाही, जेवढे या वाक्याचे वाईट वाटले. जन्मभर पोरांना "न समजलं तर विचारा" असे सांगणारा मास्तर एका जाहिरातीपायी स्वतःला अपराधी समजून बसला होता!

मामांच्या हातून काहीच बिघडले नव्हते. या यंत्रात एकाच वेळी दोघांनी बोलू नये म्हणून एक नियम असतो. त्याला 'ऑडिओ फोकस' म्हणतात. नवा आवाज बोलण्याची पाळी मागतो आणि आधीच्याने गप्प बसावे अशी अपेक्षा असते. रस्ता सांगणाऱ्या नकाशासारखा कोणी घटकाभरच बोलणार असेल, तर गाणे आपोआप परतते. पण नव्या पाहुण्याने कायमची पाळी मागितली की तो गेल्यावरही गाणे मुकेच राहते; आपण बटण दाबून त्याला पुन्हा बोलवावे लागते.

मग न विचारता बोलणाऱ्याला कोणी अडवीत नाही काय? अडवतात. सफारीने 2017 साली, क्रोमने 2018 साली आणि फायरफॉक्सने 2019 साली आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना लगाम घातला. वाचकाने पानाला हात लावल्याखेरीज आवाज करायचा नाही, असा साधारण दंडक. पण पळवाट त्या हातातच आहे! बातमीचा मथळा दाबला, 'मान्य आहे'च्या चौकटीवर बोट टेकले, की तोच होकार धरला जाऊ शकतो. मामांनी बातमी वाचायला बोट टेकवले होते. यंत्राने ते कुकरवालीला दिलेले आमंत्रण समजले.

आम्ही दोघे ओसरीवर बसलो. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये 'साउंड' असा एक पर्याय असतो, तो बंद केला. त्याहून खात्रीचा उपाय मामांनीच काढला : आधी बातम्या वाचायच्या, मग ब्राउझर पूर्ण बंद करायचा आणि नंतर गाणे. "दोन तास एकाच घंटेला घेतले तर वर्गात गोंधळ होणारच," ते म्हणाले. मास्तर पुन्हा मास्तर झाले होते.

द. विं.चे वडील विष्णू दिगंबर यांनी गाणे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून काढून तिकीट लावून लोकांपुढे मांडले. गवयाला मान मिळावा म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. त्या मानाची राखण आता दरबारच्या हुजऱ्यांकडे नाही. आपल्याच बोटाकडे आहे.

म्हणून, यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा मिठाईच्या पुड्याबरोबर थोडा वेळही घेऊन जा. वडीलधाऱ्यांची ती पाटी एकदा हातात घ्या. "हल्ली गाणं लावत नाही का?" असे सहज विचारा. यंत्र आडमुठेपणा करते आणि म्हातारी माणसे दोष स्वतःकडे घेतात. आवाज बंद करायला दोन मिनिटे पुरतात. "यात तुमचं काहीच चुकलं नव्हतं" हे सांगायला तर तेवढीही लागत नाहीत.