सुईच्या आधीचा क्षण

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा आम्हांला संकोच वाटला. आम्ही दोघी येथील वसतिगृहात एकाच खोलीत वाढलो, पुढे परिचर्येचे शिक्षण घेतले आणि आज मालवणच्या किनारपट्टीवर रुग्णसेवा करीत आहोत. आमच्या हातांना लेखणीपेक्षा सुईचा सराव अधिक. तेव्हा त्या सुईविषयीच लिहावे, असे ठरविले.

आपल्या भागात सुईवर लोकांची श्रद्धा फार. ताप असो, अंगदुखी असो, आलेला माणूस बाकावर बसण्यापूर्वीच सांगतो, “माका सुईच व्हयी.” गोळी दिली तर उपचार झालाच नाही, असे त्याला वाटते. वास्तविक जे औषध पोटातून घेऊन गुण येतो, ते टोचण्यात लाभ नाही. उलट जंतुसंसर्गाचा व इजेचा धोका मात्र वाढतो. लाल विंचवाच्या दंशाचेच उदाहरण पाहावे. कोकणात या दंशाने कित्येक जीव गेले. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने ते वाचू शकतात, हे दाखवून दिले. हे औषध म्हणजे एक साधी गोळी. जिथे सुईचा आग्रह सर्वांत मोठा, तिथे प्राण वाचविले ते गोळीने.

शिक्षण घेताना आम्हांला पाच गोष्टी पाठ करविल्या होत्या: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्यांच्या जोडीला इतर नियम. तान्ह्या बाळाला स्नायूत लस द्यायची ती मांडीच्या पुढच्या, बाहेरील भागात; कुल्ल्यात नव्हे, कारण तेथून पायाची मोठी नस जाते. प्रत्येक रुग्णाला नवी सुई, नवी सिरिंज. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवायचे नाही. ती तत्काळ कापून टाकायची. हे सर्व आम्हांला झोपेतही आठवत असे. पाठ असणे म्हणजे समजणे, असा आमचा गैरसमज होता. तो एका पावसाळी रात्री दूर झाला.

त्या रात्री एका बाईंना आणले. सड्यावर गवत कापताना पायाला फुरसे चावले होते. फुरसे लहान, जांभ्या दगडांच्या सांदीत सहज न दिसणारे. पण त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच नष्ट करते. डॉक्टर शेजारच्या कक्षात एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. पायावर जखम दिसत होती. जखम म्हटली की धनुर्वाताची लस, ही आमची नित्याची रीत. नवी सिरिंज घेतली, औषध व मात्रा तपासली, दंडाची जागा पुसली आणि स्नायूत सुई दिली. पाचही गोष्टी पाळल्या, असेच तेव्हा वाटले.

त्यानंतर डॉक्टर आले. त्यांनी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यावयास सांगितले. ती नळी २० मिनिटे न हलविता ठेवायची आणि मग एकदाच कलती करून पाहायची. रक्त गोठले असेल तर ते जागचे हलत नाही. आमच्यासमोर ते पाण्यासारखे वाहिले. त्याच क्षणी आम्ही एकमेकींकडे पाहिले. ज्या देहात रक्त गोठत नाही, त्याच्या स्नायूत आम्ही छिद्र पाडले होते. लस काही तास थांबू शकली असती. रक्त गोठू लागल्यावर देता आली असती. मार्ग आणि वेळ, पाचांपैकी दोन गोष्टी आम्ही चुकलो होतो.

डॉक्टरांना आम्ही लगेच सर्व सांगितले. प्रतिविष शिरेतून सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांवर चालणारे हे औषध घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते. म्हणूनच काहींच्या शरीराला ते सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवले आणि आम्ही दोघी खाटेजवळून हललो नाही. सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी केली. या वेळी रक्त नळीत घट्ट बसले होते.

बाई वाचल्या; पण त्यांचा दंड काळानिळा होऊन खूप सुजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “जनावर पायाक चावला, मगे हात कित्याक सुजलो?” विषामुळेच, असे म्हणता आले असते आणि त्यांनी ते मानलेही असते. आम्ही खरे सांगितले: “मावशी, ती सुई आम्ही तेव्हा द्यायला नको होती. चूक आमची.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग दुसऱ्या हाताने पदर सावरीत म्हणाल्या, “आता दुसऱ्या कोणाक असा करू नको.” कित्येक आठवडे त्यांना त्या हाताने कळशी उचलता आली नाही. ती कळशी आमच्या मनावरून अद्याप उतरलेली नाही.

येथे शिकत असताना आम्हांला कालाम सुत्ताचा पाठ होता. केवळ परंपरेने चालत आले म्हणून एखादी गोष्ट मानू नये, ती तपासून पाहावी, असा उपदेश भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना केला, हे आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. रीत म्हणजेही परंपराच, हे मात्र त्या रात्री उमगले. नियम हात शुद्ध ठेवतात. पण समोरच्या या माणसाला, या घटकेला, ही सुई हवी का, हा प्रश्न नियम आपल्यासाठी विचारीत नाही. तो आपणच विचारावा लागतो. आदेश स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही, हेही आम्ही तेव्हापासून शिकलो.

आमच्या कक्षातील टेबलावर आता काचेची एक कोरडी नळी कायम ठेवलेली असते. नव्याने रुजू होणाऱ्या मुली ती कशासाठी, म्हणून विचारतात. तेव्हा आम्ही त्यांना ही हकीकत सांगतो आणि त्या मावशींचे वाक्य त्यांच्याच शब्दांत ऐकवितो.