आपलाच बांबू

धानोऱ्याकडच्या जंगलात बांबूच्या रांजीत सकाळचं ऊन शिरतं ते चिरफाळ्या होऊनच. कोवळं, हिरवट, हलतं. त्या उजेडात वाकून कोयता चालवणाऱ्या एका माणसाचा तळवा मी जवळून पाहिला आहे. पेरांवर भेगा, भेगांत रुतलेली बांबूची कुसळं, आणि अंगठ्याखाली मुठीनं पाडलेला पिवळा, गुळगुळीत घट्टा. त्या हातांनी तो कामटी सोलायचा, बंडल आवळायचा. बांबू करकरायचा. तो गप्प असायचा.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे या भागातला बांबू वर्षानुवर्षं गेला, ट्रकमागून ट्रक, धुळीमागून धूळ. आणि जंगलातून गेलेलं ते हिरवेपण पांढरं होऊन कधीतरी परत यायचं, मुलाच्या वहीत, हजेरीपटात, नोटिशीत, आणि ज्याच्यावाचून स्वतः कापलेला बांबू नाक्यापलीकडे नेता येत नव्हता त्या वाहतूक परवान्यातही. एकदा तो एवढंच म्हणाला, "आपलाच बांबू आपल्याले अडवते."

असंतोष पोटातून उठतो, हे अर्धंच खरं. तो हातांतूनही वर चढतो.

कठाणीकाठच्या मेंढा-लेखा गावात अशा गप्प माणसांना बोलायला जागा मिळाली. सागाचं लाकूड वापरून बांधलेलं घोटूल, तरुणांचं एकत्र जमायचं घर, वनखात्यानं उतरवलं, गावानं ते पुन्हा उभं केलं. मग अभ्यासगट बसू लागले, कायदा मोठ्यानं वाचला जाऊ लागला, एकाचाही नकार असला तर निर्णय थांबू लागला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', असं इथले पुढारी देवाजी तोफा आणि त्यांचं गाव म्हणू लागलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी परवान्याचं पुस्तक वनखात्याच्याच कपाटात राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते गावसभेच्या हाती आलं.

परवाना आता गाव लिहू लागलं.

म्हणून त्या माणसाचं मन निवलं असेल, असं मला वाटत नाही. आणि ते निवू नये. तिकडे एटापल्लीच्या रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक लाल धूळ उडवतात, आणि त्याचा पोरगा तिथल्या पगाराचं गणित मांडत बसतो. बाप गावसभेत जातो. बंडलांचा हिशेब कान देऊन ऐकतो, आणि वाचणारा आकड्यापाशी पोचून खाली बसू लागला, की म्हणतो, "पुन्हा वाच."